यमूच्या आधी रडू नकोस

अगं, माईक कोणता घ्यावा हे विचारायला फोन केलास, पण त्याच्याआधी एक गोष्ट ठरवून टाक: यमू हे सगळं कुणाला सांगते आहे? 'पण लक्षात कोण घेतो?' लिहिली हरिभाऊ आपट्यांनी, पण कादंबरीभर बोलते ती यमू. स्वतःच्या तोंडानं, अगदी लहानपणापासूनची हकीगत. ध्वनिपुस्तकासाठी याहून चांगली संहिता मराठीत शोधून सापडायची नाही, कारण ही कादंबरी मुळातच एका बाईचा आवाज आहे. हजारो लोक ऐकतील असं मनात आणून बोललीस, तर तुझा स्वर वर चढेल आणि यमू व्याख्यान देऊ लागेल. मी आकाशवाणीत नभोनाट्यासाठी पहिल्यांदा उभी राहिले तेव्हा आमच्या वरिष्ठांनी हेच आधी शिकवलं होतं: रेडिओ लाख घरांत लागतो, पण तू बोलायचं एकट्याशी. तुझे श्रोते तर कानात इअरफोन घालून ऐकणार, म्हणजे अंतर आणखीच कमी. तेव्हा एकच श्रोती मनात धर. मला विचारशील तर ती यमूच्या दुर्गीसारखी मैत्रीण असू दे, जिला अर्धं आधीच ठाऊक आहे आणि जिच्यापासून काही लपवायचं नाही. तुझ्या एखाद्या मैत्रिणीचा फोटो माईकच्या मागे लावून ठेवलास तरी चालेल. त्यानं स्वर जागेवर राहतो.

दुसरी गोष्ट याहून अवघड आहे. यमू बोलते आहे ती सगळं घडून गेल्यावर. सांगणारी विधवा आहे, पण सांगितली जाते आहे ती एक खोडकर, चौकस, भावाशी भांडणारी मुलगी. सांगणारीला पुढचं माहीत आहे, त्या मुलीला नाही. हे दोन आवाज एकाच गळ्यातून निघायचे आहेत. बहुतेकजण इथेच फसतात. कादंबरीची कीर्ती आधीच कानावर आलेली असते, त्यामुळे पहिल्या पानापासूनच गळा दाटलेला. दादाशी होणारी भांडणं, खेळ, रुसवेफुगवे, आजीचं बोलणं, सगळं एकाच रडवेल्या सुरात. अशा वाचनाचा श्रोता तिसऱ्या प्रकरणातच निघून जातो, आणि त्यात त्याचा काही दोष नाही. तू यमूला हसू दे. मनापासून हसू दे. तिच्याकडून पुढे काय हिरावलं जाणार आहे ते श्रोत्याला कळायचं असेल, तर आधी तिच्याकडे काय होतं ते त्याच्या हाती पडलं पाहिजे.

यासाठी मी एक सोपी गोष्ट करत असे, तूही कर. प्रत्येक प्रकरणाच्या माथ्यावर पेन्सिलीनं दोन ओळी लिहायच्या. पहिल्या ओळीत या प्रकरणात यमूचं वय काय. दुसऱ्या ओळीत, तिला अजून काय माहीत नाही. माईकसमोर बसताना फक्त त्या दोन ओळी वाचायच्या आणि सुरू करायचं. कधीकधी मधेच सांगणारी बाई डोकावते, पुढचं सूचित करते, वाचकाला उद्देशून बोलते. तिथे आवाज खोल करू नकोस. नुसता थोडा सावकाश हो आणि पुन्हा त्या मुलीकडे परत ये.

आता पुस्तकाची प्रत. संपूर्ण आवृत्तीच घे. या कादंबरीच्या संक्षिप्त आवृत्त्याही आहेत, त्या ध्वनिपुस्तकाला घेऊ नकोस. काटछाट करणारे पहिल्यांदा काढतात ते घरातलं बोलणं, बायकांच्या गप्पा, स्वयंपाकघरातले प्रसंग. आणि कानाला गोडी तिथेच आहे. हक्कांची काळजी करू नकोस. आपल्याकडे लेखकाच्या निधनानंतर ६० वर्षं साहित्यावर हक्क राहतो, तोही निधनाच्या पुढच्या वर्षापासून मोजून. हरिभाऊ १९१९ साली गेले, त्यामुळे त्यांचा मजकूर केव्हाच सर्वांचा झाला आहे. पण अलीकडच्या आवृत्तीला कुणी प्रस्तावना लिहिली असेल, टिपा दिल्या असतील, तर त्या त्यांच्या. त्या परवानगीशिवाय वाचायच्या नाहीत. आणि हे झाल्यावर 'ययाति' करायची म्हणत होतीस ना? खांडेकर १९७६ साली गेले. म्हणजे २०३६ संपेपर्यंत परवानगीवाचून त्याला हात लावता येणार नाही. आधी पत्र, मग माईक.

ही कादंबरी एकगठ्ठा लिहिलेली नाही हेही ध्यानात ठेव. हरिभाऊंनी १८९० साली 'करमणूक' हे साप्ताहिक काढलं आणि त्यातून ती क्रमशः येत गेली. पुस्तक झालं १८९३ साली. आठवडाभर थांबणाऱ्या वाचकासाठी लिहिलेलं ते गद्य आहे. म्हणून प्रकरणाचा शेवट आला की घाई नको. शेवटच्या शब्दानंतर तीन-चार सेकंद तसंच बस, श्वाससुद्धा ऐकू येऊ देऊ नकोस, मग रेकॉर्डिंग थांबव. आणि तिथे सतार, बासरी काही घालू नकोस. करुण प्रसंगाखाली संगीत घालायचा मोह फार होतो. ज्या ठिकाणी तुझ्या आवाजानं काम केलं नाही तिथे सतार काही करणार नाही. जिथे केलं तिथे ती मधे येते.

मजकूर वाचताना तुला पहिली अडचण येईल ती जुन्या लेखनाची. जुनी प्रत मिळाली तर तिच्यात 'नांव', 'कांहीं', 'घरांत', 'तें', 'केलें' असे टिंबांचे शब्द पानोपानी दिसतील. १९६२च्या नियमांनी ही न उच्चारली जाणारी टिंबं काढून टाकली, त्यामुळे तुझ्या डोळ्यांना ती नवीन आहेत. टिंब दिसलं म्हणून नाकातून बोलायचं नाही. 'नांव' हे 'नाव'च. 'केलें', 'झालें' हे बोलताना 'केलं', 'झालं' असं म्हण, कारण यमू बोलते आहे. मात्र शब्द बदलायचा नाही, मागेपुढे करायचा नाही, आणि सोपाही करायचा नाही. 'मी जात्यें', 'मी करत्यें' अशी त्या काळच्या बायकांच्या तोंडची रूपं जिथे दिसतील तिथे ती तशीच म्हण, 'जाते', 'करते' करू नकोस. दोन प्रकरणं झाली की श्रोत्याच्या कानाला त्यांची सवय होते आणि मग तीच त्याला आवडू लागतात.

तू बंगळुरात वाढलीस, शाळा इंग्रजी, त्यामुळे च आणि ज तुला जपायला हवेत. 'चार' आणि 'चारा' यांतला च एक नाही. 'ती बाजारात जात होती' यातला ज आणि 'तिची जात' यातला ज एक नाही. लिहिताना अक्षर तेच, जीभ वेगळ्या जागी लागते. चूल, चांगला, जरा, जेवण, जीव, हे शब्द रोज या पुस्तकात येणार. शंका वाटेल त्या शब्दाखाली रेघ मार आणि संध्याकाळी मला विचार. तुझ्या आईला विचारलंस तरी चालेल, तिचे उच्चार आमच्या आईसारखे आहेत.

आता मी सांगते ते सगळ्यात जास्त ध्यानात ठेव, कारण हे मला कुणी सांगितलेलं नाही, ऐकूनऐकून कळलंय. मराठी वाक्याचं क्रियापद शेवटी येतं. कोण, किती, केव्हा, झालं की नाही, हे सगळं शेवटच्या दोन शब्दांत असतं. 'त्यांनी मला त्या दिवशी सगळ्यांच्या देखत एक शब्दही बोलू दिला नाही' या वाक्यातलं 'नाही' हरवलं तर हातात काय राहतं? आणि आपली सवय अशी की वाक्य संपत आलं की श्वास संपतो, आवाज खाली जातो, शेवट गिळला जातो. समोरासमोर बोलताना ते खपतं, चेहरा दिसतो, हात दिसतात. ध्वनिपुस्तकात श्रोता अडखळतो, मागे जातो, आणि दोनचारदा मागे जावं लागलं की बंद करतो. वय झालेल्या कानांना तर शेवट मुळीच ऐकू जात नाही. म्हणून वाक्याच्या मध्यावर श्वास घे, शेवटासाठी राखून ठेव. क्रियापद ओरडायचं नाही, नुसतं जमिनीवर पडू द्यायचं नाही.

हरिभाऊंची वाक्यं लांब आहेत. 'जो', 'तो', 'की', 'म्हणून', 'असे असता', एकातून एक निघत जातात. आदल्या रात्री पेन्सिल घेऊन बस. लहान श्वासाला एक तिरपी रेघ, मोठ्या श्वासाला दोन. मुख्य क्रियापदाखाली एक जाड रेघ. असं केलेलं पान दुसऱ्या दिवशी अर्ध्या वेळात होतं. आणि संपूर्ण कादंबरी मनातल्या मनात दोनदा वाचून झाल्याशिवाय पहिलं प्रकरण मुद्रित करू नकोस. एखाद्या पात्राला तू पहिल्या भेटीत म्हाताऱ्याचा कापरा आवाज दिलास आणि पुढे कळलं की माणूस तिशीतला आहे, तर सगळं मागे जाऊन पुन्हा करावं लागतं.

पात्रांच्या आवाजाबद्दल. पुरुषांसाठी आवाज जाड करू नकोस. बाईनं जाड केलेला आवाज दोन मिनिटांनी हास्यास्पद वाटू लागतो, आणि गळाही बसतो. वेग बदल, श्वास बदल, शब्दांमधलं अंतर बदल. घरातला धाकाचा पुरुष वाक्य पूर्ण करून थांबतो, कारण त्याला मधे तोडायची कुणाची हिंमत नसते. बायका एकमेकींचं वाक्य पकडून बोलतात. आई जे बोलते त्यातलं निम्मं ती गिळते. एवढ्यानं श्रोत्याला कोण बोलतंय ते कळतं. प्रत्येक पात्राची दहा सेकंदांची एकेक नमुना फाइल करून ठेव. तीन आठवड्यांनी तेच पात्र परत आलं की आधी ती फाइल ऐकायची.

शंकरमामंजींना गुरगुरायला लावू नकोस. हा माणूस यमूच्या आयुष्याची राखरांगोळी करतो हे तुला माहीत आहे, म्हणून तू त्याच्या तोंडात आधीच विष घालशील. घराण्याची अब्रू, चाललेली रीत, मोठ्यांचा मान, असं सगळ्या जगाला पटणारं बोलणाऱ्या माणसाचा आवाज शांत असतो. त्याला कुणाकडे ओरडावं लागत नाही. तू जितकं साधं बोलशील तितकी ऐकणाऱ्याच्या पोटात भीती उभी राहील.

आणि रघुनाथराव, यमूचा नवरा. ही कादंबरी दुःखाची म्हणून प्रसिद्ध आहे. मी ती प्रेमाची म्हणून वाचते. मोठ्या एकत्र कुटुंबाच्या धबडग्यात दिवसा नवऱ्याशी बोलायचीही चोरी, तिथे तो तिला लिहायला-वाचायला शिकवतो, तिचं मत विचारतो. पुढे मुंबईला बिऱ्हाड होतं आणि काही काळ तरी दोघं मोकळा श्वास घेतात. ही प्रकरणं उरकू नकोस. पुढे मोठा प्रसंग आहे म्हणून पुष्कळजण ती पटापट वाचतात. मी तर म्हणेन मुंबईच्या प्रकरणांना सगळ्यात जास्त दिवस दे. पानापानात घर आहे, गप्पा आहेत, एका बाईला पहिल्यांदा मिळालेली मोकळीक आहे.

त्या काळची बायको नवऱ्याचं नाव घेत नसे, त्याला थेट हाकही मारत नसे. 'इकडून येणं झालं', 'तिकडे सांगणं झालं', असं बोलणं. आजच्या वाचणाऱ्याला यात नुसतं दडपण दिसतं आणि तो ते ओशाळल्यासारखं वाचतो. तसं वाचू नकोस. त्या दोघांच्यात तो एक खासगी सूर आहे. सगळ्यांच्या देखत म्हटलेलं 'इकडून' कोरडं असेल, पण खोलीत दोघंच असताना म्हटलेलं 'इकडून' वेगळं असेल. दोन्ही म्हणून बघ, मुद्रित कर, ऐक. फरक ऐकू आला की पुढे जा.

त्या बायकांचा आवाज कसा असेल याची कल्पना येण्यासाठी लक्ष्मीबाई टिळकांची 'स्मृतिचित्रे' मोठ्यानं वाच, रोज दोन पानं. लक्ष्मीबाई १८६८च्या, म्हणजे यमूच्याच काळात वाढलेल्या. पुस्तक १९३४ ते १९३७ या काळात आलं, पण त्यातली बोलण्याची ढब जुन्या घरातली आहे. दुःखाची गोष्ट सांगतानाही त्या बाईचं वाक्य कुठे लोंबत नाही. ती ठेवण जिभेला लागू दे.

आमच्या लहानपणी वाड्यात एक आजी होत्या. लाल आलवण, डोक्यावरून पदर, केस नाहीत. तुझ्या पिढीनं ते फोटोतच पाहिलं असेल. तुझ्यासारख्या मुली मला सांगतात की विधवा म्हणजे बारीक, थरथरता, दबलेला आवाज. त्या आजींचा आवाज असा नव्हता. भाजीवाल्याशी हुज्जत घालताना तो वाड्याच्या दुसऱ्या चौकात ऐकू यायचा. आम्हा मुलांना भुताच्या गोष्टी सांगताना त्या स्वतःच आधी हसायच्या. त्यांच्यावर काय झालं होतं ते मला पुष्कळ मोठी झाल्यावर कळलं. यमूचा आवाज ठरवताना मी कायम त्यांना आठवते. हे तुला सांगते आहे कारण तुझ्या पहिल्या नमुना फाइलमध्ये यमू केविलवाणी वाटते. ती तशी नाही. ती बुद्धिमान आहे, निरीक्षण करते, तिला माणसं कळतात, आणि तिला राग येतो. राग दिसू दे.

आता यमूच्या केशवपनाचं प्रकरण. याचा सराव मोठ्यानं करू नकोस. डोळ्यांनी वाच, रेघा मार, शब्द पक्के कर, बस. मोठ्यानं चार वेळा म्हटलंस की पाचव्यांदा ते कसरत होऊन बसतं. दिवसाचं शेवटचं काम म्हणून ठेव आणि त्या दिवशी त्याच्यानंतर दुसरं काही मुद्रित करू नकोस. वाचताना रडू आलं तर थांब, पाणी पी, बाहेर फेरी मारून ये, मग ते वाक्य पहिल्यापासून घे. रडवेल्या गळ्यानं ओढत नेऊ नकोस. रडणारा गळा जाड होतो, शब्द चिकटतात, आणि ऐकणाऱ्याला यमूऐवजी तू दिसू लागतेस. तिथे काय घडतं ते स्पष्ट, सावकाश, शब्द न शब्द ऐकू येईल असं सांग. रडायचं काम ऐकणाऱ्याचं आहे. त्याची जागा तू घेऊ नकोस. आणि त्या दिवशी घरात कुणीतरी असेल असं बघ, एकटी असू नकोस. हे वाचून झाल्यावर माणसाला माणूस लागतं.

हे ज्या काळात लिहिलं गेलं तो काळ डोक्यात असला म्हणजे वाचनाला वजन येतं. विधवाविवाहाचा कायदा १८५६चा, पण कायद्यानं घरातली न्हाव्याची खेप थांबली नव्हती. ताराबाई शिंद्यांची 'स्त्री-पुरुष तुलना' १८८२ची. पंडिता रमाबाईंनी मुंबईत शारदा सदन काढलं १८८९ साली, पुढच्याच वर्षी ते पुण्यात आणलं. संमतिवयाचा कायदा झाला १८९१ साली, त्यावरून पुण्यात केवढं रण माजलं होतं. म्हणजे 'करमणूक'मधून यमू बोलत होती तेव्हा हीच भांडणं घरोघर चालू होती. ज्या वाचकाच्या हातात तो अंक पडत होता, त्याच्याच माजघरात एखादी यमू बसलेली असायची. ध्वनिपुस्तकाच्या सुरुवातीला कादंबरीचं नाव, लेखकाचं नाव आणि साल, एवढं स्पष्ट सांग. साल ऐकलं की श्रोता योग्य ठिकाणी जाऊन बसतो. दोन पानांची प्रस्तावना बोलू नकोस.

आता खोली. भाड्याच्या स्टुडिओची तुला गरज नाही. कपड्यांनी भरलेल्या कपाटांची लहान खोली निवड, जिची खिडकी रस्त्याकडे नाही. गोधड्या माईकच्या मागे लावतात पुष्कळजण; लावायच्या त्या तुझ्या पाठीमागे आणि बाजूला. माईक तुझ्याकडे तोंड करून असतो, त्यामुळे तुझ्या पाठीमागच्या भिंतीवरून परतणारा आवाज तो पकडतो. टेबलावरही जाड पंचा अंथर. पंखा बंद, फ्रिज शेजारच्या खोलीत असेल तर तोही तेवढ्यापुरता बंद, आणि परत सुरू करायचं विसरू नये म्हणून घराची किल्ली त्याच्यातच ठेव. कुकरच्या शिट्ट्या, वरच्या मजल्यावरचं खुर्ची सरकवणं, वसंतातला कोकीळ, हे तुझ्या हातात नाही. वेळ तुझ्या हातात आहे. रोज एकाच वेळी बस. सकाळचा आवाज जड असतो, संध्याकाळचा पातळ. एक प्रकरण सकाळी आणि पुढचं रात्री केलंस तर ऐकणाऱ्याला बाई बदलली असं वाटतं. दोन तासांपेक्षा जास्त नको. आणि सुरुवात करण्याआधी काल केलेली शेवटची दोन मिनिटं ऐकायची, म्हणजे वेग आणि पट्टी जुळते.

माईक तोंडापासून एक वीत आणि किंचित बाजूला. समोर धरलास की प, फ, ब, भ यांच्या हवेचा धक्का बसतो, आणि मराठीत भ कुठे चुकवणार? जाळीचा पॉप फिल्टर लाव, पण त्याच्यावर सगळं सोडू नकोस. बांगड्या काढ, खळखळणारं मंगळसूत्र असेल तर तेही, सुती कपडे घाल. करकरणारी खुर्ची नको. जेवून तासभर झाल्यावर बस. उपाशी पोट गुरगुरतं आणि माईकला ते स्पष्ट ऐकू जातं. लोणचं, तळलेलं, दही हे आधी नको, कोमट पाणी जवळ ठेव. घसा बसला तर एक दिवस गप्प राहा. कुजबुजून काम भागवू नकोस, कुजबुजण्यानं गळ्याला जास्त ताण पडतो.

चुकलीस तर शब्दापासून सुरू करू नकोस, पूर्ण वाक्य परत घे. चुकल्याक्षणी एक टाळी वाजव. संगणकावर ध्वनीचा आलेख दिसतो ना, त्यात टाळीची उंच रेघ लांबून दिसते, मग शोधत बसावं लागत नाही. रोज एक मिनिट काही न बोलता खोलीची शांतता मुद्रित करून ठेव, जोडकामात ती लागते. निखळ शून्य घातलंस तर कानाला खड्डा पडल्यासारखं होतं. मोजमापाचं म्हणशील तर ऑडिबलच्या एसीएक्सचे नियम पाळ: सरासरी पातळी −२३ ते −१८ डेसिबल, सर्वांत उंच टोक −३च्या वर नाही, पार्श्वभूमीचा आवाज −६०च्या खाली, एक फाइल १२० मिनिटांहून लांब नाही. मूळ मुद्रण वॅव्हमध्ये ठेव आणि दोन ठिकाणी ठेव. फाइलच्या नावात प्रकरणाचा क्रमांक आधी, तारीख नंतर.

किती दिवस लागतील म्हणतेस? एक पान घड्याळ लावून वाच, पानांनी गुण, म्हणजे पुस्तक किती तासांचं होईल ते कळेल. प्रत्यक्ष मुद्रणाला त्याच्या दुपटीहून जास्त वेळ धर, जोडकामाला तेवढाच. लांबतंय म्हणून वेग वाढवू नकोस. ज्यांना घाई आहे ते आपल्या मोबाइलवर वेग वाढवून ऐकतातच. तू त्यांच्यासाठी आधीच पळू नकोस.

पहिली दोन प्रकरणं झाली की ती साहित्याच्या जाणकाराला ऐकवू नकोस. तो हरिभाऊंबद्दल बोलेल, तुझ्या वाचनाबद्दल नाही. भाजी निवडत बसलेल्या कुणाला तरी ऐकव, आणि तू तिच्या हातांकडे बघ. हात कुठे थांबतात आणि कुठे भराभर चालू लागतात, ते प्रतीत खुणा करून ठेव. त्यानंतर एखाद्या सत्तरीच्या पुढच्या माणसाला ऐकव, आणि विचार, कुठलं वाक्य सुटलं. ते बहुधा शेवट गिळलेलं वाक्य असतं.

मला मात्र सलग पाठवू नकोस. एक लहानपणातलं, एक मुंबईतलं, आणि एक केशवपनाचं, अशी तीन प्रकरणं पाठव. माझ्याकडे जुनी प्रत आहे, ती समोर धरून मी ऐकीन आणि समासात पेन्सिलीनं लिहीन. मग तू रविवारी फोन कर, प्रत घेऊन बस, एकेक जागा बघू.